खाडीतली पंधरा दिवसांची लढाई

३ जानेवारी

प्रिय भाचीस,

आशीर्वाद तुझ्या आईच्या पत्रात घातले आहेत, त्यातून आपला वाटा काढून घे. इथे कामाचं लिहितो. तू दप्तरखान्यात नोकरीला लागलीस तेव्हा तुझी आई रडली होती, की शिकलेली पोर जुन्या कागदांत धूळ खात बसणार. मी तेव्हाच म्हटलं होतं, या धुळीचा घराण्याला कधीतरी उपयोग होईल. तो दिवस आला आहे.

आपल्या खाडीतल्या लढाईला येत्या एप्रिलात अडीचशे वर्षं होतात. गावाने स्मारक समिती नेमली असून अध्यक्ष आपले कंत्राटदार आहेत. पुस्तिका लिहिण्याचं काम एकमताने माझ्याकडे आलं. (दुसरं कोणी तयार नव्हतं, असं तुझी मामी म्हणते. तिकडे लक्ष देऊ नकोस.) पुस्तिकेचं नाव 'आमची खाडी : भूगोल आणि पराक्रम'. भूगोलाचा भाग तयार आहे. मुखाशी वाळूचा दांडा, आत शिरलं की डावीकडे मोठं वळण, आणि वळणाच्या पुढे दोन्ही काठांना असा चिखल की गाढव उतरलं तर नुसते कान दिसावेत. आपल्या काठावर खडकाची जागा एकच, ती म्हणजे धक्का. एकतीस वर्षं आठवीला हेच शिकवलं, त्यामुळे हा भाग डोळे मिटून लिहिला तरी चुकायचा नाही.

पराक्रमाच्या भागाला मात्र कागद हवेत. हकीगत तुला पाठ आहेच. परकी तीन गलबतं खाडीत घुसली. आपल्या घराण्याचे मूळपुरुष, आरमाराचे सरदार, दोन गलबतं घेऊन त्यांच्या मागे गेले. फितूर वाटाड्याने आपली गलबतं मुद्दाम चिखलात घातली. तरीही सरदार जागचे न हलता पंधरा दिवस लढले आणि सोळाव्या दिवशी शत्रूने पळ काढला. अमावास्येनंतर दोन दिवसांनी सुरुवात, पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी शेवट, असं चावडीजवळच्या दगडावर कोरलेलं आहे. परक्या गलबताची रोजनिशी तुमच्याकडे असेल, तर त्यातलं घनघोर वर्णन चार पानं उतरवून पाठव. शत्रूच्या तोंडून स्तुती आली की तिला वजन येतं.

विजयस्तंभ धक्क्यावर उभा राहणार आहे.

तुझा मामा

ता. क. मी मामी. स्तंभ धक्क्यावर उभा राहिला तर पलीकडे ने-आण करणारी होडी लागणार कुठे, ते यांनी लिहिलेलं नाही. होडीवालीला समितीने सांगितलंय की फितुराच्या वंशजांनी पराक्रमाच्या जागी होडी बांधू नये. पुस्तिकेत तसं छापून आलं की तिला एप्रिलपासून धक्का बंद. बाकी सगळा चिखल. शाळेची मुलं, दवाखान्याची माणसं, सगळी तिच्याच होडीतून जातात. मी माझे गुडघे दाखवायला आठवड्यातून दोनदा पलीकडे जाते, ते काय पोहत जाऊ?

---

१९ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. तुमची रोजनिशी सापडली. तळघरात, फडताळाच्या अगदी खालच्या कप्प्यात होती. आमच्याकडे असले कागद हिरव्या कापडाच्या टेबलावर ठेवून वाचावे लागतात, पानांवर शिशाची वजनं, हातात फक्त पेन्सिल, आणि समोर एक पर्यवेक्षिका, जी कोणी शिंकलं तरी वर बघते. ती परकी भाषा वाचणारे आमच्याकडे एकच बुवा आहेत. त्यांनी वाचलं, मी उतरवलं. तिसऱ्या दिवसाच्या नोंदीपासून बुवांना हसू आवरेना आणि पर्यवेक्षिकेने आम्हा दोघांना बाहेर काढलं. उरलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं. तर घ्या घनघोर वर्णन.

"दिवस पहिला. गोडं पाणी भरायला खाडीत शिरलो. मोठी भरती. वळणाच्या पुढे रुतलो. मागून दोन गलबतं आमच्यावर चालून आली. तीही रुतली.

दिवस दुसरा. ओहोटीला गलबत कलंडलं. एका बाजूच्या तोफा चिखलाकडे, दुसऱ्या बाजूच्या आभाळाकडे. समोरच्यांचं तेच.

दिवस तिसरा. भरती कालच्यापेक्षा कमी.

दिवस चौथा. आणखी कमी.

दिवस पाचवा. एक तोफ डागली. काठावरची गवताची गंजी पेटली. तिचा मालक येऊन बरंच बोलून गेला.

दिवस सातवा. प्यायचं पाणी संपलं. समोरच्यांनी दोन पिंपं दिली. आम्ही कांदे दिले.

दिवस नववा. त्यांचा सरदार आमच्याकडे जेवायला आला. फार बोलतो."

मामा, उधाण आणि भांग हा धडा एकतीस वर्षं कोणी शिकवला? अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, पाणी सगळ्यात वर चढतं. मग रोज भरती थोडी थोडी कमी, अर्ध्या चंद्राला भांग, मग पुन्हा चढती. म्हणजे उधाणाच्या पाण्यावर चिखलात चढलेलं गलबत पुढच्या उधाणापर्यंत सुटत नाही. मध्ये दिवस किती? पंधरा. हेच उत्तर मी चौदा लिहिलं होतं म्हणून तुम्ही माझा कान पिरगळला होता. गावातलं शेंबडं पोरसुद्धा चंद्र बघून पाणी सांगतं, आणि दगडावर अडीचशे वर्षं दोन्ही तारखा कोरलेल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून कोणी बघितल्या नाहीत, तुम्हीही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सरदार जागचे हलले नाहीत एवढं मात्र सोळा आणे खरं आहे.

आता हसणं पुरे. दहाव्या दिवसाची नोंद नीट वाचा.

"दिवस दहावा. परतभेटीला त्यांच्या गलबतावर गेलो. डोलकाठीला एक माणूस साखळदंडाने बांधलेला. त्यांचा वाटाड्या. वळणाच्या पुढे जाऊ नका, पाणी उतरतंय, आता रुतलो तर पुढच्या उधाणापर्यंत सुटणार नाही, असं तो तीनदा म्हणाला. सरदाराने त्याला आम्हाला सामील ठरवून बांधलं. मी त्याला विचारलं, पाणी कधी येईल. त्याने दिवस आणि वेळ सांगितली.

दिवस सोळावा. त्याच वेळी आलं. त्याला सोडून सुकाणूवर उभा केला होता. त्याने वाट दाखवली, आधी ते निघाले, त्यांच्या मागून आम्ही. मुखाशी एकमेकांना हात केले."

तो फितूर नव्हता, मामा. त्या दिवशी खाडीत ज्याला आठवीचा भूगोल येत होता असा तो एकटाच माणूस होता. होडीवालीचा धक्का तुमच्या एका शब्दावर अडलेला आहे. तो शब्द पुस्तिकेतून काढा.

तुमची भाची

---

२ फेब्रुवारी

प्रिय भाचीस,

पत्र पोचलं. तुझ्या अक्षरात अजून सुधारणा नाही.

रोजनिशीबद्दल काही मुद्दे. एक तर ती शत्रूने लिहिलेली आहे आणि शत्रू खोटं लिहिणारच. (मागच्या पत्रात मी शत्रूच्या साक्षीला वजन असतं म्हटलं होतं, ते स्तुतीपुरतं.) जुन्या दर्यावर्दी भाषेत तोफगोळ्यांना कांदे म्हणत असावेत, याचा तुमच्या बुवांनी विचार केलेला दिसत नाही. सरदार जेवायला गेले ते शत्रूचा शिधा संपवायला. आणि फार बोलतो, हा आपल्या घराण्याचा गुण आहे, तो मी नाकारत नाही.

भांगाचा प्रश्न मी पूर्वीच विचारात घेतला होता. सगळ्या खाड्या सारख्या नसतात. शिवाय अडीचशे वर्षांपूर्वी चिखल कमी असेल.

वाटाड्याबद्दल म्हणशील तर गावाला एक सरदार लागतो आणि एक फितूर लागतो. दोघांपैकी एक काढला की दुसरा उभा राहत नाही. त्यांच्या घराला कोणी त्रास दिलेला नाही. फितुराचं घर म्हणतात, ते नुसतं ओळखण्यापुरतं.

असो. पुस्तिका छापखान्यात गेलेली आहे. आता काही करता येणार नाही.

मामा

ता. क. पुस्तिका छापखान्यात गेलेली नाही. कपाटात माझ्या शालीखाली आहे. तुझं पत्र आल्यापासून हे रोज भरतीच्या वेळेला धक्क्यावर जातात. सव्वीस तारखेला शेवटच्या पायऱ्यांजवळ तांबड्या रंगाची खूण करून आले, आता पाणी तिच्या किती खाली राहतं ते टेपने मोजतात. वहीत लिहितात, कोणी आलं की वही शर्टाच्या आत. आठ दिवसांत पाणी एकदाही खुणेला लागलं नाही, आणि यांना घास गोड लागत नाही. मी विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय. मामी.

---

६ फेब्रुवारी

ती. मामा,

वही शर्टात ठेवू नका, शाईचे डाग निघत नाहीत.

सोबत रोजनिशीची शिक्का मारलेली नक्कल पाठवते आहे. ही मी समितीला थेट पाठवू शकले असते. मग कंत्राटदारांनी ती सभेत वाचली असती आणि तुम्ही खुर्चीत बसून ऐकलं असतं. तसं नको म्हणून तुम्हाला पाठवते. तुम्ही सांगितलंत तर तुमचं नाव राहील, मी सांगितलं तर नाही.

कोणाला त्रास दिलेला नाही, असं लिहिलंत. होडीवाली माझ्या वर्गात होती, हे विसरलात का? लढाईचा धडा आला की तुम्ही तिला पाणी आणायला पाठवायचात. ती घागर घेऊन बाहेर गेली की तुम्ही फितूर हा शब्द उच्चारायचात, तोही हळू. आणि मी पहिल्या बाकावर सरदारांची वंशज म्हणून ताठ बसायचे. एकदा तिने मधल्या सुट्टीत माझ्याशी बोलायला बघितलं तर मी तोंड फिरवलं होतं. ते आठवलं की मला आजही कसंतरी होतं. तुम्हाला काही होत नसेल तर तुमची पुस्तिका तुम्हाला लखलाभ.

सगळ्या खाड्या सारख्या नसतात, कबूल. पण चंद्र एकच आहे.

भाची

---

१० फेब्रुवारी

प्रिय भाचीस,

काल पाणी खुणेला लागलं. सव्वीस तारखेपासून मोजून पंधरावा दिवस. आकडे सोबत पाठवतो, बुवांना दाखव. त्यांना हसायचं तर हसू दे.

सव्वीस जानेवारीलाच मला माहीत होतं की हे असंच होणार. पहिल्या पत्रात तू लिहिलंस तेव्हाही माहीत होतं. खरं सांगायचं तर इतकी वर्षं भूगोल एका तासाला शिकवला आणि पराक्रम दुसऱ्या तासाला, आणि मध्ये घंटा व्हायची.

पाणी आणायला पाठवायचो त्याबद्दल. मला वाटायचं की मी तिच्यावर दया करतो आहे. काल होडीत बसून पलीकडे गेलो. दोघंच होतो. ती वल्ही मारत असताना मी तिला विचारलं, तुला तेव्हा कळायचं का गं. ती म्हणाली, "सर, माठ भरलेलाच असायचा."

  मला लाज वाटली, ती तुला कळवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

एक मार्चला समितीची सभा आहे. तिथे नक्कल वाचणार. आपले मूळपुरुष फार बोलत होते आणि कोणाचं ऐकत नव्हते, हेही वाचणार. पुस्तिका नव्याने लिहायला घेतली आहे.

मामा

ता. क. पहिल्यांदाच यांनी मला पत्र आधी वाचायला दिलं. म्हणून मी काही लिहीत नाही. मामी.

---

३ मार्च

प्रिय भाचीस,

विजय झाला. आपला नव्हे, सत्याचा.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत होती. बाकं अपुरी पडली. मी उभा राहून नक्कल वाचायला लागलो. दुसऱ्या दिवसापर्यंत शांतता होती, पाचव्या दिवशी गंजी पेटली आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं की गुरुजींचं वय झालंय, खाली बसवा. सातव्या दिवसाच्या कांद्यांना एक जण तावातावाने निघून गेला. मी घाम पुसत दहावा दिवस वाचला, सोळावा वाचला आणि बसलो. आता जोडे येणार अशी खात्री होती.

कंत्राटदारांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे गुरुजी, आपली गलबतं आणि शत्रूची गलबतं, दोन्ही या खाडीतून बाहेर काढली ती आपल्याच गावच्या माणसाने?"

मी म्हटलं, हो.

"साखळदंडात बांधलेला असताना वेळ सांगितली, आणि ती वेळ बरोबर निघाली?"

मी म्हटलं, मिनिटाचाही फरक नाही.

"मग इतकी वर्षं हे आम्हाला कोणी सांगितलं का नाही?"

सगळी सभा माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच त्याला डोलकाठीला बांधलं होतं. आणि मग काय विचारतेस. वारं फिरलं की कौलावरचा पत्र्याचा कोंबडा फिरतो तसं गाव फिरलं. जो ओरडला होता तोच उठून म्हणाला, आमच्या आजोबांना आधीपासून संशय होता. जो निघून गेला होता तो परत येऊन टाळ्या वाजवायला लागला. ठराव झाला की फितूर हा शब्द गावातून कायमचा रद्द. सरदारांचा विजयस्तंभही रद्द. त्याऐवजी महान दर्यावर्दी वाटाड्याचा पुतळा, साखळदंडासकट, पुरुषभर उंच चौथऱ्यावर. होडीवालीला उद्घाटनाला पहिल्या रांगेत मानाची खुर्ची. सरदारांच्या वंशजांना दुसऱ्या रांगेत, पण तेही ठीक आहे.

अडीचशे वर्षांचा अन्याय दुरुस्त करायला दीड तास लागला. एका शिक्षकाला आणखी काय हवं?

तुझ्या मामीला ता. क. लिहायला सांगितलं तर नको म्हणाली. पुष्कळ दिवसांनी मी आनंदात आहे, तर हिचं तोंड का उतरलंय ते समजत नाही.

मामा

---

९ मार्च

ती. मामा,

तुमचं पत्र मी बुवांना आणि पर्यवेक्षिकेलाही वाचून दाखवलं. पर्यवेक्षिका चक्क हसली. तुमचा मला मनापासून अभिमान वाटला. चेष्टा नाही, खरंच. जोडे खायची तयारी ठेवून खरं बोलणारी माणसं आपल्या घराण्यात तुमच्याआधी झालेली नाहीत, याचा तर आता लेखी पुरावा आहे.

फक्त एक विचारते. पुतळा उभा कुठे करताय?

भाची

---

२८ मार्च

प्रिय मैत्रिणीस,

मैत्रीण लिहिलं, तुला चालेल असं धरून. तुझा पत्ता तुझ्या मामींनी दिला. सरांना तू विचारलंस ना की पुतळा कुठे, त्यांनी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा फाडलं, असं मामी सांगत होत्या. म्हणून मीच लिहिते.

पुतळा धक्क्यावरच उभा राहतोय. दुसरीकडे चौथरा खचतो. आधी ठरलेला स्तंभ हातभर रुंदीचा होता, त्याच्या बाजूने होडी लागली असती. आता चौथरा मोठा, भोवती साखळी, साखळीच्या बाहेर फुलझाडांच्या कुंड्या. समितीची माणसं घरी आली होती. चपला बाहेर काढून आली. आजवर आमच्या दारात कोणी चपला काढल्या नव्हत्या. म्हणाली, "ताई, एवढ्या थोर माणसाच्या पायाशी होड्या, ओली दोरखंडं, माणसांचे चिखलाचे पाय, हे काही शोभत नाही. तुम्ही तर घरच्या. तुम्हीच मान राखायला हवा."

आम्ही फितूर होतो तेव्हा धक्का वापरू नका म्हणायचे, आणि मी वापरायचे. कोणी अडवायला आलं तर वल्हं दाखवायचे. आता वल्हं कोणाला दाखवू? सगळे हात जोडतात.

सध्या होडी चिखलात लावते. मुलं दप्तर डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून येतात. म्हातारी माणसं येईनाशी झाली. तुझ्या मामी दोन आठवडे दवाखान्यात गेलेल्या नाहीत. सर रोज सकाळी फळ्या टाकायला येतात. दोनदा रुतले, मीच ओढून काढलं. मी म्हटलं, सर, राहू दे. तर म्हणाले, तू गप्प बस, आणि पुन्हा फळी उचलली. त्यांच्यावर माझा राग नाही, हे त्यांना सांगून झालंय. त्यांना ते पटत नाही.

आता माझं काम. तुझ्या दप्तरखान्यात अजून कितीतरी कागद असतील. आमचा तो पूर्वज खरोखरच शत्रूला सामील होता असा एखादा कागद कुठे मिळतो का, बघशील? शिक्का मारलेला असेल तर बरं. आणि जरा लवकर बघ, चौथऱ्याचं सिमेंट अजून ओलं आहे.

तुझी
होडीवाली